ताराबाई पार्कातून पळवलेलं नाव

बारशाच्या आधी बाळाचं नाव तिघांनाच ठाऊक असायचं. आईला, बापाला आणि मला. मी फार विश्वासाची होते म्हणून नव्हे. दुपट्यावर नाव भरून हवं असेल तर भरणारीला ते सांगावंच लागतं, आणि मी बोलत नसे. समोरचीनं दहा वाक्यं बोलावीत तेव्हा मी एकदा "व्हय" म्हणायची, तेही जमिनीकडे बघून. अशा बाईला लोक काहीही सांगतात. भिंतीला सांगितल्यासारखं.

आमचं घर मंगळवार पेठेत. दोन खोल्या, पुढच्या खोलीत शिवणयंत्र. आमचे मालक उद्यमनगरात फौंड्रीत कामाला होते. मी झबली, टोपडी, कुंच्या, दुपटी असा सगळा बाळंतविडा शिवून द्यायची. शिवणाऱ्या पेठेत खूप होत्या, पण साखळी टाक्यानं नाव भरणारी मी एकटी. त्यामुळे पेठेतल्या बायका यायच्या तशा राजारामपुरीतल्या मास्तरणी यायच्या, आणि ताराबाई पार्कातल्या बंगल्यांतूनही काम यायचं. वीस-बावीस वर्षांत कोल्हापुरात कुणी काय नाव ठेवलं हे महापालिकेपेक्षा माझ्या सुईला जास्त माहीत.

मी काम सुरू केलं तेव्हा पेठेत मुलं बाळासो, आप्पासो, दादासो व्हायची. झबलं भिजवणाऱ्या पोराला पाळण्यातच साहेब लावलेला. बंगलेवाल्यांना त्याचं हसू यायचं. त्यांच्या घरी गडीमाणसं पाळण्यातल्या पोराला "छोटे साहेब" म्हणायची, त्याचं मात्र कुणाला हसू यायचं नाही. मुली आक्काताई, हौसाबाई, तानूबाई. जन्मतःच पन्नास वर्षांच्या.

मग माझ्या ध्यानात येत गेलं की नावंही प्रवास करतात. नाव निघायचं ताराबाई पार्कातून. राजारामपुरीत यायला त्याला वर्ष-दोन वर्षं लागायची. तिथनं पेठेत उतरायला आणखी काही वर्षं. चंदगडच्या वाडीवर पोचेपर्यंत ते म्हातारं झालेलं असायचं. एस. टी. त्याच रस्त्यानं जाते, पण ती त्याच दिवशी पोचते. आणि नाव पेठेत आलं रे आलं की बंगल्यात ते मेलं. सुमन, कुमुद, विमल या एके काळी डॉक्टर-वकिलांच्या लेकी. माझ्या हाताखालून ती नावं जायला लागली तेव्हा सुमन मंडईत मेथीच्या जुड्या विकत होती, आणि वकिलांच्या घरात सुमन म्हटलं तर भांडी घासणारीच "काय जी?" म्हणून पुढं यायची.

माझं नाव यातल्या कुठल्याच गाडीत बसलेलं नव्हतं. माझ्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत. म्हणून मी जन्मल्यावर मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवली, आणि शेजारणीनं केरात सापडली म्हणून उचलून आणून आईला परत दिली. नावही केरावरूनच. लग्नात नाव बदलतात, तांदळावर नवं लिहितात, तेव्हा मला वाटलं सुटले. सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. या नावानं जगलीया पोरगी, कशाला मोडता घाला?" नवऱ्यानं तांदळावर तेच लिहिलं.

ताराबाई पार्कातलं बरंचसं काम मला एका वकिलीणबाईंमुळे मिळायचं. त्या बोलायला गोड होत्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं, मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "अगबाई, असं खरंच ठेवतात?" एवढंच म्हणाल्या, आणि पुढं कायम मला शिवणवाली म्हणत राहिल्या. त्यांच्या मते त्यांनी माझ्यावर दया केली.

त्यांना दोन मुलांवर मुलगी झाली. तिच्या बाळंतविड्यासाठी त्या स्वतः आल्या. बाळंतीण तीन आठवड्यांत उठून मोटारीत बसून पेठेत आली, यावरूनच कळत होतं की काम साधं नाही. त्यांनी पर्स उघडली, आतलं छोटं पाकीट उघडलं, त्यातून चार घड्या घातलेली चिठ्ठी काढली. एवढ्या घड्या आम्ही मंगळसूत्राच्या पावतीलाही घालत नाही.

"वाच. मोठ्यानं नको."

चिठ्ठीत मनीषा लिहिलेलं.

"कोल्हापुरात हे नाव कुणाचंच नाही. मी चौकशी केलीय. माझ्या भावानं मुंबईहून सुचवलं. मनीषा म्हणजे इच्छा. आहे की नाही सुंदर?"

"व्हय," मी म्हटलं.

"चार दुपटी, दोन कुंच्या. गुलाबी रेशमानं. बारसं जरा लांबलंय, भावाला रजा नाही. तोपर्यंत कुणाला म्हणजे कुणाला कळता कामा नये हं."

तेवढ्यात त्यांचं लक्ष यंत्राच्या बाजूला घडी घालून ठेवलेल्या एका दुपट्याकडे गेलं. त्यावर मी सुजाता भरलं होतं. ते सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सबाईंचं. त्या बौद्ध समाजाच्या. दुपटं सांगायला आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "माझ्या सासूबाईंचं नाव गावानं ठेवलेलं. काय ठेवलं ते सांगणार न्हाई, तुमच्या घरात तसलं बोलू ने. आता आमच्या पोरींची नावं आम्ही ठेवतो." हे त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, आणि जाताना अक्षरं जरा मोठी भरा म्हणाल्या. लांबनं दिसली पाहिजेत.

वकिलीणबाईंनी दुपटं उलगडून बघितलं. "हे कुणाचं?"

मी सांगितलं.

"त्यांच्यातसुद्धा?" त्यांनी दुपटं खाली ठेवलं आणि बोटं पदराला पुसली. पुसली हे त्यांनाही कळलं नसेल. "बरं झालं बाई दिसलं. सुजाता आमच्या यादीत होतं. काढून टाकते."

आणि खरंच त्यांनी पर्समधून दुसरा कागद काढला, माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि एका नावावर रेघ मारली. नर्सबाईंच्या लेकीचं नाव पाळण्यातच एका बंगल्यातून हाकललं गेलं, हे त्यांना कधी कळलं नाही. मी बघत होते. बोलले नाही. मी बोलत नसेच. पण पेन्सिल परत घेताना माझ्या मनात जे आलं ते चांगलं नव्हतं, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

आमच्या माहेरी, कागलच्या पुढच्या गावात, त्याच आठवड्यात माझ्या भावाला पहिली मुलगी झाली. आत्या मी. नाव माझ्या तोंडून जाणार. बंगल्यातलं बारसं रजा बघून होतं, आमचं तेराव्या दिवशी म्हणजे तेराव्या दिवशी. आईनं आधीच सांगून ठेवलं होतं की तिच्या सासूचं नाव ठेवायचं, हौसाबाई. सासूनं आईला आयुष्यभर पाणी पाजलेलं, तरी तिचंच नाव ठेवायचं होतं. मेलेल्या सासूला घरात परत आणून आता तिच्यावर डाफरायची सोय होईल, असाही विचार असेल.

पाळण्याखालून वरवंटा फिरवून झाला. घुगऱ्यांची परात भरलेली. मी पाळण्यात वाकले. मागं बायका उभ्या, आत्याच्या पाठीत धपाटे घालायला हात शिवशिवत असलेल्या. आमच्याकडे नाव सांगताना आत्याला बडवतात, आणि ज्या बाईवर वर्षभराचा राग असतो ती तो तिथंच काढते. मी बाळाच्या कानात कुर्र केलं आणि मनीषा म्हटलं. धपाट्यांमुळं ते जरा जोरातच निघालं.

"काय म्हनली?"

"मनी म्हनली जनू."

"मांजराचं नाव ठेवलं व्हय गं?"

सगळ्या हसल्या. आई हसली नाही. "ही कसली अवदसा? कुठनं आणलंस हे?"

मी जमिनीकडे बघत म्हटलं, "मनात आलं."

बाजेवरून वहिनी उठून बसली. वहिनी आमच्या अगदी उलटी, तिला बोलायला बारशाचं निमित्तही लागायचं नाही. "आत्याबाईंनी ठेवलं ते ठेवलं. माझी पोरगी काय हौसाबाई हुयाची न्हाय. एक हौसाबाई तुमाला पुरली की, आत्ती."

आत्ती म्हणजे तिची सासू, माझी आई. पुढचा अर्धा तास त्या दोघी पूर्वीच्या हौसाबाईंवर बोलत राहिल्या आणि नाव तसंच राहून गेलं.

परत येताना एस. टी.त मला घाम फुटला. चोरी ही चोरीच. पण मी स्वतःला समजावलं की गाव कुठं, ताराबाई पार्क कुठं. वकिलीणबाई काय आमच्या गावच्या विहिरीवर येणार आहेत?

त्या विहिरीवर आल्या नाहीत. वहिनीच माझ्याकडे आली. दोन महिन्यांनी पोरीला डॉक्टरला दाखवायला घेऊन आली आणि चार दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात मोटार थांबली. बंगल्यातलं बारसं एकदाचं रविवारी ठरलं होतं, वकिलीणबाई कपडे बघायला आलेल्या. मी दुपटी काढून दाखवत होते. आत पोरगी रडायला लागली, आणि वहिनी गावातल्या आवाजात म्हणाली, "ए मनीषा! मने, ए! काय झालं माज्या मनीषाला?"

वकिलीणबाईंच्या हातात गुलाबी रेशमातली मनीषा होती. त्या तिच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे.

"कुणाची मुलगी?"

वहिनी पोरीला कडेवर घेऊन बाहेर आली. पोरीच्या कपाळावर रुपयाएवढी तीट, नाक वाहत होतं. "माजी हाय की. का वो पावणं?"

"नाव कुणी ठेवलं?"

"आत्यानं. ह्या काय, उभ्या हायत्या. लई हौस त्यांची."

"हे नाव आमचं आहे."

"तुमचं?" वहिनीनं पोरीचं नाक पदरानं पुसलं. "सात-बाऱ्यावर चढवलंय व्हय?"

वकिलीणबाईंनी तिच्याशी बोलायचं सोडून दिलं. त्या माझ्याकडे वळल्या. आवाज अजूनही गोडच होता. "मी तुला विश्वासानं सांगितलं होतं. माझ्या मुलीला कोल्हापुरात कुणी हाक मारली की आता खेड्यातली कुणीतरी वळून बघणार. मला ते चालणार नाही. हिचं नाव बदला. अजून शाळेत नाही घातलेलं, काही बिघडत नाही. मंगल आहे, छाया आहे, तुमच्यात शोभणारी कितीतरी नावं आहेत. शनिवारी कपडे घेऊन येशील तेव्हा मला सांग, बदललं म्हणून. नाहीतर आमच्या पार्कातलं एकही काम यापुढे तुझ्याकडे येणार नाही."

मोटार गेली. वहिनी दारात बघत उभी राहिली. "आत्याबाई, तुमी ह्यांचं नाव चोरलं?"

"व्हय."

वहिनी इतकी हसली की पोरगी रडायची थांबली.

मालक हसले नाहीत. ते म्हणाले, "बदलून टाक जा. पोरीला अजून खाल्ल्या-पिल्ल्याचं कळंना, नावाचं काय कळतंय? पार्कातली गिऱ्हाइकं गेली तर पेठंतल्या बायकांची लंगोटं शिवत बसशील." त्यांचं खोटं नव्हतं. रेशमाचं, भरतकामाचं काम पार्कातूनच यायचं, आणि मला तेच आवडायचं. लंगोटं कोणीही शिवतं.

वहिनी गुरुवारी पोरीला घेऊन गावी गेली. मी तिला काही सांगू शकले नाही, म्हणून शुक्रवारी पाठोपाठ गेले. रस्ताभर वाक्य जुळवत होते. वहिनी, तेवढं नाव बदलू या. आई खूश होईल, हौसाबाई ठेवू. एवढं दोन ओळींचं वाक्य, मी ते कागलपर्यंत पंचवीस वेळा म्हटलं.

अंगणात आई पाय पसरून बसली होती, पायांवर पोरगी पालथी, तेल चोळणं चाललेलं. शेजारची बाई चुलीला विस्तव मागायला आली होती.

"मनी बाळसं धरायला लागली की."

"मनी न्हाय," आई म्हणाली. "मनीषा म्हन. पुरतं म्हन. माज्या लेकीनं ठेवलंय, चौथी पास हाय ती. सात गावांत असलं नाव न्हाय."

शेजारीण म्हणाली, "मनीषा." पायांवरच्या पोरीनं मान उचलली, डुगडुगत का होईना, आणि त्या आवाजाकडे तोंड वळवलं. आई तेलाचा हात तसाच वर धरून माझ्याकडे बघून हसली. माझ्या केलेल्या कुठल्या गोष्टीचा आईला अभिमान वाटावा, अशी ती पहिलीच वेळ. मी भाकरी खाल्ली, दूध प्याले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले. जुळवलेलं वाक्य तसंच माझ्याजवळ राहिलं.

शनिवारी बंगल्यावर गेले. चपला बाहेर काढून ओसरीवर उभी राहिले. वकिलीणबाई आल्या.

"बदललं?"

"न्हाय."

"का?"

मी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाकडे बघितलं. घाबरलेच होते. "नावाला वळून बघती ती. आता न्हाई बदलता येत, बाई."

त्यांनी माझ्या हातातले कपडे घेतले. मग आत गेल्या. आतून वकीलसाहेबांचा आवाज ऐकू आला, "अगं, दुसरं ठेव की, कोर्टात दावा लावायचा आहे का?" मग बाईंचं दबक्या आवाजात बरंच काही. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. मला त्या वेळी जरा वाईट वाटलं. त्यांनीही ते नाव मनात दोन-अडीच महिने सांभाळलं होतं, रात्री पोरीच्या कानात हळूच म्हणूनही बघितलं असेल. पण मग त्या म्हणाल्या, "पेठेत नाव गेलं म्हणजे गेलंच," आणि माझं वाईट वाटणं थांबलं.

त्यांनी कपडे माझ्या पुढ्यात टाकले. "हे काढ. इथंच बसून काढ."

मी ओसरीच्या पायरीवर बसले. चार दुपटी, दोन कुंच्या. साखळी टाका उसवायला सोपा असतो, शेवटची गाठ कापली की ओढत न्यायचं. पण मी घट्ट भरते. रेशीम निघालं तरी कापडावर टाक्यांची भोकं राहिली, उजेडात धरलं की मनीषा वाचता येत होतं. त्यांनी ते बघितलं. रविवार दुसऱ्या दिवशी. नवं कापड घेऊन, शिवून, भरून द्यायला कोल्हापुरात दुसरं कुणी नव्हतं. मग त्यांनी पर्स उघडली, आतलं पाकीट उघडलं आणि चार घड्यांची नवी चिठ्ठी माझ्या हातात दिली.

"भोकांवर नीट बसेल असं भर. आणि हे तरी कुणाला सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. ते नाव मी इथंही लिहीत नाही.

पार्कातली कामं त्यानंतर खरंच बंद झाली. मालक म्हणाले होते तसं लंगोटं शिवायची वेळ आली होती, पण तसं झालं नाही. वहिनीनं ही गोष्ट एस. टी.त, बाजारात, दवाखान्याच्या बाकड्यावर, जिथं बसायला मिळेल तिथं सांगितली. सांगताना वकिलीणबाईंचे दागिने वाढत गेले, आणि माझ्या तोंडी मी जन्मात न बोललेली वाक्यं आली. पेठेतल्या बायका माझ्याकडे यायला लागल्या. "आक्का, ते वकिलाचं नाव भरून द्या की आमच्या पोरीला." तुम्हाला ठेवायचं तरी आहे का, अर्थ ठाऊक आहे का, असं कुणालाच विचारायची सोय नव्हती. वकिलांना हवं होतं आणि मिळालं नाही, एवढा अर्थ त्यांना पुरत होता. त्या वर्षी मी इतक्या मनीषा भरल्या की गुलाबी रेशीम संपून अबोली वापरावं लागलं. राजारामपुरीत ते नाव मागाहून पोचलं. असं उलट्या रस्त्यानं गेलेलं मला आठवतं ते हे एकच नाव.

पुढं सोनाली, रूपाली, दीपाली आल्या, त्यांच्यामागून पिंकी आणि स्वीटी. बाळासोंच्या घरात स्वीटी झाली. दुपट्यावर स्वीटी भरताना मला वाटायचं, मी नाव नाही, गोळ्यांच्या डब्यावरचा कागद भरतेय.

वहिनीची पोरगी अकरावीला कोल्हापुरात कॉलेजात आली आणि आमच्याकडे राहायला लागली. एक दिवस वह्या आपटत घरात शिरली.

"आत्या, तू माझं नाव असलं का गं ठेवलंस?"

"असलं म्हंजे?"

"वर्गात सात मनीषा आहेत. सात! सर म्हणतात, कागलची मनीषा उभी राहा. सगळे हसतात. शहरातल्या मुलींची नावं बघ, किती वेगळी. हे अगदीच..." तिला शब्द सापडेना. मग सापडला. "पेठी."

मी हातातलं टोपडं खाली ठेवलं. तिला सगळं सांगावं असं एकदा वाटलं. ओसरीची पायरी, उसवलेलं रेशीम, तिनं आजीच्या पायांवरून वळून बघितलं ते. वहिनीनं तिला वाढवून-चढवून सांगितलं असणारच, आणि तिनं ते आईच्या बाकीच्या गप्पांसारखं हसण्यावारी नेलं असणार. मी सांगितलं असतं तर कदाचित तिला खरं वाटलं असतं. मग तिला ते नाव मुकाट्यानं आवडून घ्यावं लागलं असतं. तसं नको होतं मला.

"मग काय पायजे हुतं?" मी विचारलं.

ती विचार करत बसली. "लहानसं. नेहा, पूजा असं काहीतरी. माझ्या मुलीचं मी असंच ठेवणार. आणि आत्याबित्या कुणाला विचारणार नाही, मीच ठेवणार."

"ठेव बाई," मी म्हटलं. "दोन अक्षरांना रेशीमबी कमी लागतंय."